गिअर अडतो कुठे? जुन्या मोटारसायकलची घरच्या घरी परीक्षा

ज्या घरात जुनी मोटारसायकल आहे, त्या घरात ‘गिअर पडत नाही’ ही तक्रार वर्षातून दोनतीनदा तरी ऐकू येतेच. बहुतेक वेळा ती आपल्याला सांगितलेली नसते. अंगणात गाडी उभी करता करता स्वतःशीच केलेली ती कुरकुर असते. आपणही भाकरी थापता थापता ऐकतो नि सोडून देतो. गाडी पुरुषांची, गॅरेज पुरुषांचे! आपला संबंध काय तो मागच्या सीटशी आणि महिनाअखेरीस बिलाशी.

पण मैत्रिणींनो, जरा विचार करा. चढावर गिअर सुटला आणि गाडीने गचका दिला, तर आधी तोल जातो तो मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेलीचा. आणि ‘इंजिन खोलावे लागेल’ असे गॅरेजमधून आले, की पैसे निघतात ते आपणच डब्यात बाजूला टाकलेल्यांतून. मग गिअर अडतो म्हणजे नेमका कुठे अडतो, हे आपल्याला थोडेफार कळायला नको का? बरं, ते वाटते तितके अवघडही नाही. कुकरची शिटी होत नसेल तर आपण लगेच नवा कुकर आणतो का? आधी रिंग पाहतो, शिटीत भात अडकला आहे का ते पाहतो. इथेही तेच.

आमचे आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातले अगदी टोकाचे गाव. समोर तेरेखोलची खाडी, पलीकडे किरणपाणी म्हणजे गोवा. पूर्वी तरीने पलीकडे जावे लागे. आता पूल आहे, आणि दुचाकीवाचून घराचे पान हलत नाही. कोणी पेडण्याकडे कामाला जातो, कोणाला शिरोड्याचा बाजार करायचा असतो, कोणाचे सावंतवाडीला कचेरीत काम असते. आजारपण मोठे असले, की बांबोळीच्या इस्पितळाची वाट धरावी लागते. पलीकडे गोव्यात तर मोटारसायकलवर भाड्याने माणसे नेणारे ‘पायलट’ आहेत. त्यांचा संसारच दोन चाकांवर!

या गाड्यांत जुन्या गाड्या पुष्कळ. हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, दोन्ही १९८५ साली बाजारात आल्या. बुलेट, राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी या त्यांच्याही आधीच्या. येझदीचा तो कारखाना आणि आरएक्स १०० चे उत्पादन, दोन्ही १९९६ मध्ये थांबले. पण गाड्या काही थांबल्या नाहीत. पंधरा वर्षे झाली की तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची आणि वापरायची, असे चालते. कर्ज फिटलेले असते, सुटे भाग मिळतात, आणि सासऱ्यांच्या हातची म्हणून जीवही असतो. अशा गाडीचे दुखणे ओळखायला शिकले पाहिजे.

शिलाई मशीन आणि मिक्सर

आधी क्लच समजून घेऊ. शिलाई मशीनवर बॉबिन भरताना आपण चाकाच्या मध्यावरचा मोठा स्क्रू सैल करतो. पायडल चालते, चाक फिरते, पण सुई जागची हलत नाही. क्लच म्हणजे तेच. डाव्या मुठीजवळची दांडी दाबली, की इंजिन फिरत राहते, पण त्याचा जोर गिअरकडे जात नाही. सोडली, की पुन्हा जोडणी होते. दांडीपासून इंजिनापर्यंत हा निरोप पोचवते ती क्लचची वायर. आत चकत्यांसारख्या क्लच प्लेटा एकमेकींना चिकटून असतात. वायर ओढली की त्या सुट्या होतात.

आता गिअर. मिक्सरच्या भांड्याखाली दातेरी जोड असतो. मोटर बंद करून भांडे ठेवले, की तो खालच्या जोडात बिनबोभाट बसतो. मोटर चालू ठेवून बसवायला गेलात तर? खर्रर्र! दाते घासतात, झिजतात. मोटारसायकलच्या गिअरपेटीत अशाच दातेरी चक्रांच्या जोड्या असतात. पायाने दांडा दाबला, की आतला लोखंडी काटा एक चक्र बाजूला सरकवतो आणि त्याच्या अंगावरचे जाड दाते शेजारच्या चक्राच्या खाचांत अडकतात. गिअर पडला म्हणतात तो असा. क्लच पुरता सुटत नसेल, तर दर वेळी चालू मिक्सरवर भांडे बसवल्यासारखे होते. दोष वायरीचा, आणि मार खातात ते आतले दाते.

दाते आणि खाच समोरासमोर आल्याशिवाय गिअर पडत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणून उभ्या गाडीत कधीकधी पहिला गिअर पडत नाही. गाडी हाताने जरा मागेपुढे केली, की ‘टक्’ करून बसतो. तो बिघाड नव्हे.

विचारायचे दोन प्रश्न

गिअर अडतो असे कोणी म्हटले, की दोनच प्रश्न विचारा.

पहिला : त्रास सगळ्या गिअरना आहे, की एकाच? सगळे गिअर जड जात असतील, तर कारण बहुधा बाहेर किंवा क्लचमध्ये असते : वायर, पायातला दांडा, ऑइल, प्लेटा. कारण या गोष्टी सगळ्या गिअरना सारख्याच लागतात. एकच गिअर अडत असेल, सुटत असेल, तर त्या गिअरचे दाते किंवा काटा झिजल्याची शंका घ्यावी.

दुसरा : इंजिन बंद असतानाही त्रास होतो, की चालू असतानाच? बंद इंजिनावर सगळे गिअर सुरळीत पडतात आणि इंजिन चालू केले की खरखर, अडणे, न्यूट्रल न सापडणे सुरू, असे असेल तर नव्वद टक्के लक्ष क्लचकडे द्या. बंद इंजिनावरही दांडा अडत असेल, तर दांडा, त्याचे सांधे किंवा आतली यंत्रणा पाहावी लागेल.

आमच्या शेजारच्या वहिनींचेच पाहा. त्यांचे यजमान रोज पुलापलीकडे कामाला जातात, रात्री उशिरा परततात. ऐन पावसात गाडीचा गिअर जड झाला, सिग्नलला न्यूट्रल सापडेना. गॅरेजमध्ये ‘गिअर पडत नाही’ एवढेच सांगितल्यावर उत्तर आले, “वयनी, इंजिन खोलूचा लागतला.” चतुर्थी तोंडावर आलेली, पैसे ठेवलेले तेवढ्यापुरतेच. वहिनी रडकुंडीला आल्या. मग आम्ही दोघींनी अंगणात हे दोन प्रश्न गाडीला विचारले. सगळे गिअर सारखेच जड होते. बंद इंजिनावर मात्र सगळे पडत होते. दांडीजवळचे रबर मागे सारून पाहिले, तर वायरीचे निम्मे धागे तुटून फुलासारखे पसरलेले, उरलेले गंजलेले! दुसऱ्या दिवशी त्याच मेस्त्रीने नवी वायर घातली आणि गाडी पहिल्यासारखी झाली. चतुर्थीचे पैसे डब्यातच राहिले. मेस्त्री लबाड होता का? मुळीच नाही. अर्धवट तक्रारीवर त्याने अंदाज बांधला, इतकेच. आपल्याकडे म्हण आहेच, आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

याच्या उलटही घडते. ओळखीच्या एका घरी फक्त तिसरा गिअर सुटायचा. त्यांनी आधी वायर बदलली, मग ऑइल बदलले, मग कोणी सांगितले म्हणून दुसरे ऑइल घातले. चार महिने असेच गेले. शेवटी इंजिन खोलले, तेव्हा एका चक्राबरोबर शेजारचेही खराब झालेले निघाले. एकच गिअर सुटतो, ही खूण होती. ती वेळीच वाचली असती तर खर्च कमी झाला असता.

अंगणातली तपासणी

ही तपासणी उजेडात, मोकळ्या जागेत, सपाट जमिनीवर करावी. पदर, ओढणी खोचून घ्या, पोरांना लांब ठेवा. इंजिन चालू असताना चेन किंवा मागच्या चाकाजवळ हात नेऊ नका. बोट गेले की गेलेच, हे विसरू नका.

१. पायातला दांडा : गाडी बंद ठेवून दांडा हाताने धरून हलवा. जिथे तो इंजिनातून आलेल्या दातेरी कांडीवर बसतो, तिथे खुळखुळ होते का? तिथला बोल्ट (बहुधा १० नंबरच्या पान्याचा) सैल असला किंवा दाते झिजले असले, तर पाय दाबतो तेवढा दांडा फिरतो, पण आतली कांडी फिरतच नाही. गाडी कधी डाव्या अंगावर पडली असेल, तर दांडा वाकून इंजिनाच्या झाकणाला किंवा फुटरेस्टला घासत नाही ना, तेही पाहा. पूर्ण दाबला न गेल्याने गिअर अर्धवट बसतो आणि सुटतो. उपाय दांड्याचा, इंजिनाला हात लावायचे कारण नाही.

२. क्लचची दांडी : दांडी हळूच ओढा. जोर लागायच्या आधी टोकापाशी थोडी मोकळी हालचाल असायला हवी. पुष्कळशा १०० सीसी गाड्यांना ती १० ते २० मिलिमीटर, म्हणजे साधारण बोटाच्या रुंदीएवढी सांगितलेली असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा खरा. हालचाल फार असेल, तर वायर सैल : क्लच पुरता सुटत नाही, गिअर जड जातो. मुळीच नसेल, तर वायर ताठ : क्लच पुरता धरत नाही, प्लेटा घसरतात आणि जळतात. दांडीपाशी हाताने फिरवायचा स्क्रू असतो, खाली इंजिनापाशी दुसरा. त्यांनी ही ढिल कमीजास्त करता येते. दांडी सोडल्यावर झटकन मागे येत नसेल, तर वायर आतून गंजली समजा.

३. ऑइल : बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर यांना मिळून एकच ऑइल असते. गाडी सरळ उभी धरून मोजकाडी पुसून पुन्हा टेकवून पाहा. बऱ्याच गाड्यांत ती न पिरगळता नुसती टेकवायची असते. ऑइल कमी, डांबरासारखे काळे किंवा फार जुने असेल तर गिअर जड होतो. पावसात पाण्यातून गाडी घातल्यावर ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे. गाडी न चालवता ऑइल बदला. टू-स्ट्रोक गाडीत, म्हणजे आरएक्स १००, राजदूत, येझदी यांत, गिअरपेटीचे ऑइल वेगळे असते. पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलशी त्याचा संबंध नाही. ते वर्षानुवर्षे बदलायचे राहून जाते! घेताना मोटारसायकलचेच घ्या, डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असे असते. मोटारीच्या काही ऑइलांनी क्लच प्लेटा घसरू लागतात.

४. चेन : चेन सैल असली, की गिअर बदलताना गचका बसतो, खडखड होते, आणि बिचाऱ्या गिअरपेटीवर आळ येतो. मधोमध वरखाली साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. बंद कव्हराच्या गाडीला पाहण्यासाठी खालून रबरी झाकणाचे भोक असते.

५. बंद इंजिनावर परीक्षा : गाडी डबल स्टँडवर घ्या. चावी काढा. एकीने मागचे चाक टायर धरून हळूहळू फिरवायचे (आऱ्यांत बोटे घालायची नाहीत), दुसरीने हाताने दांडा दाबत पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत जायचे आणि परत यायचे. कुठे अडते, दांडा दर वेळी जागेवर परत येतो का, हे पाहा.

६. चालू इंजिनावर परीक्षा : ही गाडीवर बसणाऱ्यानेच करावी, बाकीच्यांनी लांब उभे राहावे. डबल स्टँडवरच क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकायचा. ऑइलच्या ओढीने मागचे चाक थोडे फिरेल, ते चालते. पण पायातला ब्रेक हलकेच दाबल्यावर चाक थांबले पाहिजे. ते न थांबता इंजिनच बंद पडत असेल, तर क्लच सुटत नाही हे पक्के.

लक्षणे आणि त्यांचे अर्थ

सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते : क्लच पुरता सुटत नाही. आधी वायर, मग प्लेटा.

सकाळी पहिला गिअर टाकताच ‘धाड्’ करून गाडी उडी मारते, नंतर दिवसभर ठीक : रात्रभर किंवा पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहून प्लेटा चिकटल्या. चावी बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून, क्लच दाबून दोनचारदा किक मारा. मग सुरू करा.

इंजिन ओरडते, वेग वाढत नाही : गिअरला दोष देऊ नका. क्लच घसरतो आहे.

एकदा गिअर टाकल्यावर दांडा वर येत नाही, दुसरा टाकता येत नाही : दांड्याची परतीची स्प्रिंग तुटली किंवा थकली. बऱ्याच १०० सीसी फोर-स्ट्रोक गाड्यांत ती क्लचच्या बाजूच्या झाकणामागे असते. ते झाकण आणि क्लच काढून काम होते, इंजिनाचे दोन भाग करावे लागत नाहीत.

जोर दिला किंवा सोडला की एकच गिअर सुटतो, दांडा, बोल्ट, चेन सगळे ठीक आहे : आतले दाते गोल झाले किंवा काटा वाकला. इथे मात्र इंजिन खोलायला नाही म्हणू नका. आंबोलीच्या घाटात उतरताना दुसऱ्या गिअरवरून गाडी सुटली, की सगळा भार जुन्या ब्रेकवर येतो. तिथे काटकसर नको.

मेस्त्रीला काय सांगाल?

डॉक्टरकडे जाताना आपण ताप कधी येतो, थंडी वाजते का, हे सांगतो. तसेच इथेही सांगा, आणि हो, एका चिठ्ठीवर लिहूनच न्या : कोणता गिअर; टाकताना त्रास की काढताना; गाडी थंड असताना की तापल्यावर; इंजिन बंद असतानाही होतो का; ऑइल आणि वायर शेवटची कधी बदलली; गाडी पडली किंवा पाण्यातून गेली होती का. ही सहा उत्तरे ऐकली, की मेस्त्री वेगळ्या नजरेने आपल्याकडे पाहतो, हा माझा अनुभव आहे.

मग विचारा, “इंजिन पूर्ण खोलणार, की फक्त क्लचच्या बाजूचे झाकण?” दोन्हींच्या मजुरीत आणि वेळेत पुष्कळ फरक असतो. खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. झिजलेला दाता, वाकलेला काटा डोळ्यांनी दिसतो. त्यात भांडणासारखे काही नाही. चांगला कारागीर ते स्वतःहून दाखवतो.

गाडी कोणती तेही सांगायला हवे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. शिवाय न्यूट्रलसाठी टाचेने दाबायचा वेगळा छोटा दांडा. येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्याचे. एका गाडीचे लक्षण दुसरीला लावून चालत नाही.

दुखणे होऊच नये म्हणून

खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी आपल्या किनारपट्टीवर वायरी लवकर गंजतात. पावसाळ्याआधी आणि नंतर क्लचची वायर वरच्या टोकाकडून पातळ ऑइल सोडून मोकळी करावी. एक धागा जरी तुटलेला दिसला, तरी वायर बदलून टाकावी. रात्री पुलावर तुटण्याची वाट पाहू नये. एक नवी वायर सीटखाली गुंडाळून ठेवली तर उत्तमच.

सवयींकडेही पाहा. कोणी क्लचवर सतत बोटे दाबून चालवतात, कोणी गिअरच्या दांड्यावर पाय टेकवूनच ठेवतात, कोणी अडलेल्या गिअरला लाथ मारतात. तिन्ही सवयी वाईट. आणि पेट्रोल वाचते म्हणून उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्याला तर सरळ सांगावे, “अहो, मागे आम्ही बसलोय!”

दळणाच्या, दुधाच्या हिशेबाची वही आपल्याकडे असतेच. तिच्या मागच्या पानावर गाडीसाठी चार ओळी राखून ठेवा : ऑइल कधी बदलले, वायर कधी बदलली, चेन कधी ताणली, पुढची नोंदणी कधी. पुढच्या वेळी अंगणातून ‘गिअर पडत नाही’ असे ऐकू आले, की हात पुसून बाहेर या आणि विचारा, “सगळेच अडतात, की एकच?”